फुफ्फुसशिरांची रचनाभिन्नता आणि छातीची शस्त्रक्रिया

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देणारा लेख असावा, असा आपल्या संस्थेचा परिपाठ आहे. ज्यांच्या देणगीवर रुग्णालय चालते त्यांना ती देणगी नेमकी कोणत्या कामी येते हे कळावे, आणि ज्यांचे आप्त येथे उपचार घेतात त्यांना त्या उपचारांमागील विचार समजावा, हा त्यामागील हेतू आहे. यंदा आम्ही फुफ्फुसांतून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरांचा विषय निवडला आहे.

हा विषय वरवर पाहता केवळ तज्ज्ञांचा वाटेल. परंतु फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येऊन एक प्रश्न नेहमी विचारतात : ‘‘सीटी स्कॅन तर आधीच झाला आहे, मग आता कॉन्ट्रास्ट देऊन दुसरा कशासाठी?’’ प्रश्न रास्त आहे. त्यात पैशाचा विचार आहे आणि आपल्या माणसाला आणखी एका तपासणीचा त्रास नको ही काळजीही आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी या शिरांच्या रचनेत दडलेले आहे. आम्ही प्रशासनातील मंडळी वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. शल्यचिकित्सक व क्ष-किरणतज्ज्ञ सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते सर्वसामान्य वाचकाला उमजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१. नेहमीची रचना

आपल्या छातीत दोन फुफ्फुसे असतात. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात : वरचा, मधला आणि खालचा. डाव्या फुफ्फुसाचे वरचा व खालचा असे दोनच खंड असतात. प्रत्येक खंड पुन्हा लहान लहान उपखंडांत विभागलेला असतो. हृदयाच्या उजव्या भागातून प्राणवायू कमी असलेले रक्त धमन्यांवाटे फुफ्फुसांत येते. तेथे ते शुद्ध होते आणि शिरांवाटे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या कर्णिकेत परत जाते. तेथून ते डाव्या जवनिकेत उतरते आणि मग सर्व शरीरभर पाठविले जाते.

मराठी शालेय पाठ्यपुस्तकांत हृदयापासून रक्त नेणाऱ्या वाहिनीस ‘रोहिणी’ आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीस ‘नीला’ ही नावे अनेक वर्षे प्रचलित होती. रोहिणी म्हणजे तांबडी आणि नीला म्हणजे निळसर. फुफ्फुसांच्या बाबतीत मात्र नाव आणि रंग यांची अदलाबदल होते. येथील रोहिणीत काळसर रक्त असते आणि नीलेत लालभडक. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात आम्ही धमनी व शिरा हेच शब्द वापरले आहेत.

पाठ्यपुस्तकातील चित्रात फुफ्फुसशिरा चार असतात. उजवी वरची शिरा वरच्या व मधल्या खंडाचे रक्त आणते, उजवी खालची शिरा खालच्या खंडाचे. डावीकडे वरच्या खंडाची एक आणि खालच्या खंडाची एक. या चारही शिरा स्वतंत्र मुखांनी डाव्या कर्णिकेत उघडतात. दोन बाबी येथे ध्यानात ठेवाव्यात. धमन्या श्वासनलिकांच्या सोबतीने उपखंडाच्या मध्यभागातून जातात. शिरा मात्र मुख्यतः उपखंडांच्या सीमेवरून वाहतात. शेतांच्या बांधावरून पाट जावा, तशी ही व्यवस्था आहे. दुसरी बाब अशी की, फुफ्फुसाच्या ज्या भागातील रक्ताचा निचरा ज्या शिरेने होतो, ती शिरा मुळाशी बंद झाली तर त्या भागात रक्त येत राहते पण बाहेर पडू शकत नाही.

२. भिन्नता कशी निर्माण होते?

मातेच्या उदरात बाळाची घडण होत असताना, पहिल्या दोन महिन्यांतच या शिरांचे भवितव्य ठरते. प्रारंभी फुफ्फुसांच्या अंकुरांतील रक्ताचा निचरा शरीरातील इतर शिरांच्या जाळ्यात होत असतो. पुढे हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून एक सामाईक शिरा फुटते आणि फुफ्फुसांकडील शिरांशी जोडली जाते. त्यानंतर ही सामाईक शिरा व तिच्या शाखा हळूहळू कर्णिकेच्या भिंतीत सामावल्या जातात आणि शेवटी चार स्वतंत्र मुखे उरतात. जुन्या जाळ्याशी असलेले संबंध दरम्यान नाहीसे होतात.

हे सामावणे सर्वांच्या बाबतीत सारख्या प्रमाणात होत नाही. ते कमी झाले तर दोन शिरा एकत्र येऊन एकाच खोडाने कर्णिकेला मिळतात. अधिक झाले तर चाराऐवजी पाच किंवा त्याहून अधिक मुखे तयार होतात. जुन्या जाळ्याशी असलेला एखादा संबंध तसाच राहून गेला, तर फुफ्फुसाच्या एखाद्या भागातील शुद्ध रक्त डाव्या कर्णिकेत न जाता शरीराच्या एखाद्या मोठ्या शिरेवाटे हृदयाच्या उजव्या बाजूस जाते.

यांपैकी पहिले दोन प्रकार म्हणजे आजार नव्हेत. एखाद्याच्या तळहातावरील रेषा निराळ्या असाव्यात, तसाच हा प्रकार आहे. ती व्यक्ती सामान्य आयुष्य जगते आणि आपल्या छातीतील वेगळेपण तिला कधी जाणवतही नाही. अमेरिकेत २०१ व्यक्तींच्या सीटी चित्रांचा अभ्यास होऊन तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात उजव्या बाजूस नेहमीप्रमाणे दोन मुखे असणाऱ्या व्यक्ती सुमारे ७१ टक्के होत्या, तर सुमारे २८ टक्के व्यक्तींमध्ये तीन ते पाच मुखे आढळली. डाव्या बाजूस सुमारे १४ टक्के व्यक्तींमध्ये दोहोंऐवजी एकच मुख होते. पाठ्यपुस्तकातील चित्र बहुसंख्यांचे खरे. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण त्या बहुसंख्यांपैकीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

३. शस्त्रक्रियेत महत्त्वाच्या ठरणाऱ्या चार रचना

फुफ्फुसाचा एखादा खंड काढताना शल्यचिकित्सक तीन गोष्टी विलग करतात : त्या खंडाची शिरा, धमनी आणि श्वासनलिका. तीनही त्याच खंडाच्या असाव्यात आणि शेजारच्या खंडाची एकही नसावी, हा या शस्त्रक्रियेचा मूलमंत्र आहे. आता भिन्न रचना असल्यास काय होऊ शकते ते पाहू.

(अ) डावीकडील सामाईक खोड. वरच्या व खालच्या खंडांच्या शिरा कर्णिकेला स्वतंत्रपणे न मिळता आधीच एकमेकींस मिळतात. दोन नद्यांचा संगम समुद्रापासून दूर व्हावा आणि पुढे एकच प्रवाह जावा, तसे हे असते. हा संगम हृदयावरणाच्या बाहेर असेल तर धोका विशेष असतो. वरचा खंड काढायचा आहे, समोर एक ठसठशीत शिरा दिसते आहे आणि ती वरच्या खंडाचीच असणार असे समजून ती मुळाशी छेदली, तर प्रत्यक्षात संपूर्ण डाव्या फुफ्फुसाचा निचरा बंद होतो. राखावयाच्या खालच्या खंडात रक्त साचू लागते, तो फुगून कडक होतो आणि वेळीच जोडणी पूर्ववत करता आली नाही तर तोही काढावा लागतो. एक खंड गमावण्याच्या तयारीने आलेला रुग्ण अशा वेळी संपूर्ण फुफ्फुस गमावून बसतो. ज्याची श्वसनक्षमता मुळातच कमी आहे, त्याच्या जिवावर हे बेतू शकते.

(आ) मधल्या खंडाच्या शिरेची फारकत. उजवीकडील मधल्या खंडाची शिरा नेहमी वरच्या शिरेला मिळते. काहींमध्ये ती कर्णिकेत स्वतंत्र मुखाने उघडते आणि थोड्या व्यक्तींमध्ये ती खालच्या शिरेला मिळते. या शेवटच्या प्रकारात खालचा खंड काढताना खालची शिरा मुळाशी छेदली, तर मधला खंड अडचणीत येतो. तेथे शिरा थोडी पुढे, म्हणजे मधल्या खंडाची शाखा येऊन मिळते त्याच्या अलीकडे फुफ्फुसाच्या बाजूस छेदावी लागते. अंतर काही मिलिमीटरांचेच असते, परंतु ते ठाऊक असावे लागते.

(इ) श्वासनलिकेमागून जाणारी शिरा. उजव्या वरच्या खंडाच्या मागील भागातील शिरा कधी कधी समोरून न येता मुख्य श्वासनलिकेच्या मागील बाजूने खाली उतरते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत श्वासनाल जेथे दुभंगते त्याखालील लसिकाग्रंथी काढाव्या लागतात आणि ही शिरा नेमकी त्याच वाटेवर असते. ती तेथे आहे हे माहीत नसेल तर तिला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. माहीत असेल तर तिला सहज जपता येते.

(ई) भलत्या ठिकाणी मिळणारी शिरा. यात फुफ्फुसाच्या काही भागाची शिरा डाव्या कर्णिकेत न जाता ऊर्ध्व महाशिरेला, मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरेला किंवा अधो महाशिरेला मिळते. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदींत हे प्रमाण हजारी चार ते सात इतके आढळले आहे. उजव्या फुफ्फुसाची शिरा खाली वळून अधो महाशिरेला मिळते, तेव्हा क्ष-किरण चित्रात तिची बाकदार सावली तुर्की तलवारीसारखी दिसते. म्हणून या व्याधीस १९६० साली त्या तलवारीचेच नाव देण्यात आले.

४. एक साधा हिशेब

यांपैकी चौथ्या प्रकाराचे गांभीर्य आकड्यांनी अधिक स्पष्ट होते. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ शरीराला मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त लागते. हिशेब सोपा व्हावा म्हणून असे मानू की दोन्ही फुफ्फुसांत रक्त सारखेच जाते आणि डाव्या फुफ्फुसाच्या दोन खंडांतही ते निम्मे निम्मे वाटले जाते. समजा, एखाद्या व्यक्तीच्या डाव्या वरच्या खंडाची शिरा भलत्या ठिकाणी, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूकडे जाते आहे. फुफ्फुसांतून येणाऱ्या एकूण रक्ताचा एक चतुर्थांश भाग अशा रीतीने शरीराला न मिळता पुन्हा फुफ्फुसांतच फिरतो. शरीराच्या वाट्याला तीन चतुर्थांश येतो आणि तो ५ लिटर असायला हवा. तेव्हा उजव्या हृदयाला मिनिटाला सुमारे ६.७ लिटर रक्त ढकलावे लागते. हे ओझे हृदय वर्षानुवर्षे निमूटपणे सोसते. व्यक्तीला कसलाच त्रास जाणवत नाही.

आता याच व्यक्तीचे उजवे फुफ्फुस रोगामुळे संपूर्ण काढावे लागले. सर्व रक्त डाव्या फुफ्फुसातूनच जाणार आणि त्यातील निम्मे भलत्या वाटेने परत फिरणार. शरीराला ५ लिटर पोहोचवायचे तर उजव्या हृदयाला मिनिटाला १० लिटर रक्त ढकलावे लागेल आणि तेही दोहोंऐवजी एकाच फुफ्फुसातून. शस्त्रक्रिया तंत्रदृष्ट्या निर्दोष होऊनही हृदयाचा उजवा भाग थकून जाण्याचा संभव येथे निर्माण होतो. वरचे आकडे उदाहरणापुरते असले तरी तत्त्व खरे आहे : जे गळतीचे कलम आधी किरकोळ होते, ते भांडवल निम्मे झाल्यावर दिवाळे काढणारे ठरते.

यावर उपाय आहे. भरकटलेली शिरा शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा तत्पूर्वी डाव्या कर्णिकेला जोडून देता येते. उलट, जो खंड काढावयाचा त्याच खंडाची शिरा भरकटलेली असेल, तर खंड काढताच ती गळतीही संपते आणि वेगळे काही करावे लागत नाही. एकाच रचनेचे असे दोन निरनिराळे अर्थ होतात. कोणता अर्थ लागू आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी ठाऊक असणे अत्यावश्यक ठरते.

५. जितके कमी काढायचे, तितके अधिक जाणायचे

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावा आणि मग एकेक थर दूर करीत आतील रचना डोळ्यांनी पाहावी, असे सांगितले आहे. शरीराचे ज्ञान प्रत्यक्ष पाहूनच मिळते, ही जाण आपल्याकडे इतकी जुनी आहे. फुफ्फुसांतून होणारे रक्ताचे परिभ्रमण तेराव्या शतकात इब्न अल् नफीस या अरब वैद्याने मांडले. १६२८ साली विल्यम हार्वी यांनी शरीरभर होणाऱ्या अभिसरणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १६६१ साली मार्चेलो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुफ्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

फुफ्फुसाची आधुनिक शस्त्रक्रिया मात्र विसाव्या शतकातील आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोग झालेले संपूर्ण डावे फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढले. रुग्ण स्वतः डॉक्टर होते आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले. त्या शस्त्रक्रियेत फुफ्फुसाच्या मुळाशी असलेली धमनी, शिरा व श्वासनलिका यांना एकत्रितच बांधण्यात आले होते. सगळेच काढायचे असल्यावर त्या बाजूच्या शिरा दोन की तीन, याने फारसा फरक पडत नव्हता.

पुढे प्रत्येक वाहिनी वेगळी करून बांधण्याची पद्धत रूढ झाली आणि संपूर्ण फुफ्फुसाऐवजी केवळ रोगग्रस्त खंड काढता येऊ लागला. १९३९ साली चर्चिल व बेल्सी या शल्यचिकित्सकांनी खंडाहूनही लहान, म्हणजे उपखंड काढण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. उपखंडांची रचना आणि त्यातील भिन्नता यांचा पद्धतशीर नकाशा हवा, ही गरज मग भासू लागली. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ एडवर्ड बॉयडेन यांनी असंख्य फुफ्फुसांच्या विच्छेदनातून केलेला अभ्यास १९५५ साली ग्रंथरूपाने प्रकाशित झाला.

अलीकडे या दिशेस अधिक बळ मिळाले आहे. जपानमध्ये २ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, फुफ्फुसाच्या बाहेरील भागात असलेल्या कर्करोगाच्या ११०६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण संपूर्ण खंड काढलेल्यांत ९१.१ टक्के, तर केवळ उपखंड काढलेल्यांत ९४.३ टक्के होते. मात्र त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण उपखंड काढलेल्यांत अधिक होते, हेही नमूद केले पाहिजे. २०२३ साली अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ६९७ रुग्णांच्या अभ्यासातही, लहान गाठीसाठी खंडाहून कमी भाग काढणे हे संपूर्ण खंड काढण्याहून कमी प्रभावी ठरत नाही असे दिसून आले.

उपखंड काढताना शिरांचे महत्त्व कितीतरी वाढते. शिरा उपखंडांच्या बांधावरून वाहत असल्याने त्याच सीमा दाखवितात. सीमेवरील शिरा जपावी लागते आणि आतली तेवढीच छेदावी लागते. सीमेवरील शिरा चुकून छेदली गेली, तर शेजारचा निरोगी उपखंड रक्त साचून निकामी होऊ शकतो.

शस्त्रक्रियेचे तंत्रही बदलले आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून छाती मोठ्या प्रमाणावर न उघडता लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साह्याने खंड काढण्याची पद्धत सुरू झाली. रुग्णाला वेदना कमी होतात आणि तो लवकर घरी जातो. परंतु शल्यचिकित्सकांना आत हात घालून चाचपून पाहता येत नाही. पडद्यावर दिसते तेवढेच दिसते. शिरा बंद करण्यासाठी वापरले जाणारे स्टेपलर उपकरण एकाच दाबात दोन्ही बाजूंस बारीक पिनांच्या ओळी मारते आणि मधून वाहिनी कापते. ते एकदा चालविले की मागे फिरणे नाही. या पद्धतीत बहुधा शिराच प्रथम छेदली जाते, हेही ध्यानात घ्यावे.

थोडक्यात सांगायचे तर, गेल्या नव्वद वर्षांचा प्रवास मोठ्या छेदाकडून लहान छेदाकडे आणि संपूर्ण फुफ्फुसाकडून उपखंडाकडे झाला आहे. रुग्णाच्या शरीरातून जितके कमी काढायचे, तितके त्या शरीराविषयी आधी अधिक जाणावे लागते. जे श्रम पूर्वी शस्त्रक्रियागृहात होत, त्यांतील मोठा वाटा आता शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसांत संगणकाच्या पडद्यासमोर होतो.

६. आपल्याकडील विशेष अडचण

पाश्चात्त्य देशांत फुफ्फुसाची शस्त्रक्रिया प्रामुख्याने कर्करोगासाठी होते. आपल्याकडे क्षयरोगाने मागे ठेवलेल्या विकारांसाठीही ती करावी लागते : बऱ्या झालेल्या क्षयाच्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा, कायमच्या रुंदावलेल्या व वारंवार पिकणाऱ्या श्वासनलिका, खोकल्यातून पडणारे रक्त. या रुग्णांत जुन्या जखमांच्या वणांमुळे फुफ्फुस छातीच्या भिंतीला आणि वाहिन्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. फुफ्फुस आक्रसल्याने शिरा आपल्या जागेवरून ओढल्या गेलेल्या असतात. जन्मजात भिन्नता आणि रोगाने आणलेली विकृती यांची अशा वेळी सरमिसळ होते. समोर दिसणारी वाहिनी कोणत्या खंडाची, हे ओळखणे अनुभवी डोळ्यांसही सोपे नसते. हाती विश्वासार्ह नकाशा असण्याचे मोल येथे सर्वाधिक आहे.

७. शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी

हा नकाशा सीटी स्कॅनमधून मिळतो. सीटी स्कॅनची पहिली तपासणी १९७१ साली इंग्लंडमध्ये झाली. आजची यंत्रे एकाच श्वासात संपूर्ण छातीची सुमारे एक मिलिमीटर जाडीची चित्रे घेतात. हातातील शिरेतून आयोडिनयुक्त द्रव, ज्यास आपण कॉन्ट्रास्ट म्हणतो, देऊन योग्य क्षणी चित्रण केले असता धमन्या व शिरा स्पष्ट उठून दिसतात. संगणकावर त्यांची त्रिमितीय आकृती तयार करता येते. त्यात बहुधा धमन्या निळ्या आणि शिरा तांबड्या रंगात दाखवितात.

मग बाहेर केलेला आधीचा स्कॅन का चालत नाही? पुष्कळदा तो चालतो. चित्रे बारीक जाडीची असतील, अलीकडची असतील आणि सीडीवर मूळ स्वरूपात उपलब्ध असतील, तर शिरांची मांडणी कॉन्ट्रास्टशिवायही बरीच समजते आणि पुन्हा तपासणी करण्याचे कारण राहत नाही. परंतु गाठ आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी केलेल्या स्कॅनची चित्रे जाड असतात. काही वेळा केवळ छापील फिल्म हाती येते, तर काही वेळा स्कॅनला इतके महिने झालेले असतात की रोगाची स्थितीच बदललेली असते. अशा वेळी नव्याने तपासणी सुचविली जाते.

केवळ चित्र काढून भागत नाही. ते याच प्रश्नासाठी वाचावे लागते. गाठीचा आकार सांगणारा अहवाल शिरांविषयी मौन पाळू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी शल्यचिकित्सक व क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र बसून काही निश्चित प्रश्नांची उत्तरे शोधतात. प्रत्येक बाजूस शिरांची मुखे किती? डावीकडे सामाईक खोड आहे काय आणि असल्यास संगम कोठे आहे? मधल्या खंडाची शिरा कोणास मिळते? श्वासनलिकेमागून एखादी शिरा जाते काय? दुसऱ्या बाजूच्या फुफ्फुसासह सर्व शिरा डाव्या कर्णिकेतच पोहोचतात काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण शस्त्रक्रिया उजवीकडे असताना डावीकडे पाहण्याचे सहसा कोणास सुचत नाही. आणि वरील हिशेबात आपण पाहिले की धोका नेमका तेथेच दबा धरून असू शकतो.

चित्रात सर्व काही दिसले तरी शस्त्रक्रियागृहातील नियम कायम राहतो : एकही शिरा छेदण्यापूर्वी त्या बाजूची दुसरी शिरा स्वतंत्र असल्याचे डोळ्यांनी पाहून घ्यावे. नकाशा हाती असला तरी वाटसरूने रस्ता पाहूनच पाऊल टाकावे, तसे हे आहे.

८. रुग्णांच्या आप्तांना विनंती

शस्त्रक्रियेसाठी येताना पूर्वीच्या सर्व तपासण्यांचे कागद आणावेतच, पण सीटी स्कॅनची सीडी आवर्जून आणावी. ती चालण्याजोगी असेल तर एक तपासणी व तिचा खर्च वाचू शकतो. कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडांचे कार्य पाहिले जाते. रुग्णाला मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, दमा वा थायरॉइडचा त्रास असल्यास, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन हे औषध चालू असल्यास, पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले वा श्वास कोंडला असल्यास, अथवा स्त्री रुग्ण गर्भवती असल्यास ते न विसरता सांगावे. पूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा ‘हृदयाला जन्मतः छिद्र आहे’ असे कोणी सांगितले असल्यास त्याचीही माहिती द्यावी, कारण फुफ्फुसशिरांची भिन्नता काही वेळा अशा दोषाच्या सोबतीने असते.

आपल्या रुग्णाच्या अहवालात ‘शिरांची भिन्न रचना’ असे शब्द आढळले तर घाबरू नये. बहुसंख्य वेळा तो रोग नसतो. ती केवळ शल्यचिकित्सकांसाठीची सूचना असते. शंका असल्यास चित्र समोर ठेवून समजावून सांगण्याची विनंती अवश्य करावी. असे विचारणे हा आपला अधिकार आहे.

९. देणगीदार व विश्वस्तांच्या सेवेशी

रुग्णालयाला यंत्र दिले, खोली बांधून दिली, तर देणगी डोळ्यांना दिसते. भिंतीवर नावाची पाटी लागते. परंतु चित्रे पाहण्यासाठी चांगल्या प्रतीचा संगणक, त्रिमितीय आकृती तयार करणारी प्रणाली, ती हाताळणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि दोन तज्ज्ञांनी एकत्र बसून घालविलेला अर्धा तास, यांवर पाटी लावता येत नाही. जमाखर्चाच्या पत्रकात हा खर्च ‘तपासणी’ व ‘वेतन’ अशा रुक्ष सदरांत विरून जातो. त्यातून जे साधते तेही दिसत नाही, कारण ते न घडलेल्या अनर्थाच्या रूपात असते. न झालेला रक्तस्राव, न गमावलेला खंड आणि न लांबलेला मुक्काम यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. हिशेब पाहणाऱ्यांनी म्हणूनच या खर्चाकडे अधिक समजून पाहावे, असे आम्हांस वाटते. परवडत नाही म्हणून एखाद्या गरीब रुग्णाची ही तपासणी टळणे म्हणजे वाचविलेल्या रकमेपेक्षा फार मोठी जोखीम त्याच्या माथी मारणे होय.

आणखी एका दानाचा उल्लेख केल्याखेरीज हा विषय पुरा होणार नाही. फुफ्फुसशिरांविषयीचे मूलभूत ज्ञान ज्या विच्छेदनांतून मिळाले, ती मृत्यूनंतर वैद्यकीय शिक्षणासाठी उपलब्ध झालेल्या देहांची होती. आजही वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील चार शिरा आणि प्रत्यक्षातील पाच शिरा यांतील फरक प्रथम तेथेच पाहतात. देहदानाचा संकल्प करणाऱ्या आणि तो मागे राहिलेल्यांकरवी पूर्ण होऊ देणाऱ्या कुटुंबांचे ऋण प्रत्येक रुग्णालयावर असते, तसे ते आपल्यावरही आहे.

निसर्गाने कोणतीही दोन शरीरे तंतोतंत सारखी घडविलेली नाहीत. प्रत्येक रुग्णाला त्याच्या स्वतःच्या रचनेप्रमाणे उपचार मिळावेत, मग तो सशुल्क विभागातील असो वा धर्मादाय खाटेवरचा, हे आपल्या संस्थेचे ध्येय आहे.